नव्या प्लेअरवर जुन्या व्हीसीडी चालत नाहीत. पैसे परत मागता येतील का?

प्रश्न: मी सांगलीत राहणारा निवृत्त शिक्षक. घरात साधारण दोनशे व्हीसीडी आहेत. बहुतेक मराठी नाटकं, काही चित्रपट, शिवाय मुलीच्या २००४ सालच्या लग्नाच्या शूटिंगच्या तीन. जुना डीव्हीडी प्लेअर बंद पडला तेव्हा इथल्याच एका दुकानात जाऊन ‘माझ्या सगळ्या जुन्या डिस्क चालतील असा प्लेअर द्या’ असं सांगितलं. दुकानदाराने ३२,००० रुपयांचा फोर-के ब्लू-रे प्लेअर दाखवला. घरी येऊन मी व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा विचारलं, ‘व्हीसीडी चालतील ना?’ उत्तर आलं, ‘हो सर, जुनं सगळं चालतं.’ दुसऱ्या दिवशी पैसे भरून प्लेअर आणला. डीव्हीडी छान चालतात, व्हीसीडी एकही नाही. चौथ्या दिवशी मेसेज करून कळवलं. कंपनीच्या सेवा केंद्राचं म्हणणं, या मॉडेलमध्ये व्हीसीडीची सोय नाही, माहितीपुस्तिका वाचा. खोक्यावर मात्र ‘डीव्हीडी, सीडी’ असं छापलं आहे. दुकानदार बिलावरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवतो. सात महिने झाले. पैसे परत मिळतील का? लग्नाच्या आणि नाटकांच्या व्हीसीडी हार्ड डिस्कवर उतरवल्या तर गुन्हा होतो का? मुलाने नंतर अमेरिकेतून आणलेल्या डीव्हीडीही या प्लेअरवर चालत नाहीत, तेही याच तक्रारीत लिहू का?

उत्तर: पैसे परत मागता येतील, आणि तुमची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. ती भक्कम आहे ती त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ओळीमुळे. तुम्ही पैसे भरण्यापूर्वी विचारलंत, व्हीसीडीचं नाव घेऊन विचारलंत, आणि दुकानदाराने ‘हो’ म्हटलं. ही ओळ नसती तर मी तुम्हाला इतक्या खात्रीने लिहिलं नसतं. का, ते आधी सांगतो.

नव्या यंत्राने जुन्या डिस्क वाचल्याच पाहिजेत असा कोणताही कायदा आपल्याकडे नाही. कंपनीने एखादा जुना प्रकार सोडून दिला तर तेवढ्यानेच ती दोषी ठरत नाही. गेम खेळायचं यंत्र प्लेस्टेशन ४ ब्लू-रे आणि डीव्हीडी चालवतं, पण गाण्यांची साधी सीडी चालवत नाही. इंटेलने ११व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपासून एसजीएक्स ही सुरक्षा यंत्रणा काढली, आणि त्या नव्या संगणकांवर फोर-के ब्लू-रे डिस्क अधिकृत सॉफ्टवेअरने पाहण्याची वाटच बंद झाली, जी आधीच्या काही पिढ्यांवर उघडी होती. ग्राहकाच्या दृष्टीने हे वाईट आहे, मलाही ते पटत नाही, पण आधी सांगून केलं तर बेकायदा नाही.

कायदा मध्ये येतो तो ‘जुनं चालेल’ असं सांगून माल विकला जातो तेव्हा. आणि होम व्हिडिओच्या धंद्यात हे सांगणं कधीच किरकोळ नव्हतं. १९८७ मध्ये एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटचा सुधारित प्रकार, आला, तेव्हा त्याच्या यंत्रात जुन्या व्हीएचएस कॅसेट चालत होत्या. उलट मात्र होत नव्हतं: नवी कॅसेट जुन्या यंत्रात नीट दिसत नसे. डीव्हीडी आली तेव्हा कॅसेटशी तिचा काही संबंध नव्हता, तरी ती स्वतःच्या गुणांवर टिकली. पण आपल्याकडे तिला व्हीसीडीचा मोठा आधार मिळाला, कारण डीव्हीडी प्लेअरवर व्हीसीडी चालत होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली. ज्याच्या कपाटात व्हीसीडी होत्या त्याला नवा प्लेअर घेताना काही फेकून द्यावं लागत नव्हतं, म्हणून तो बिनधास्त घेत होता. २००६ साली डीव्हीडीची जागा घेऊ पाहणाऱ्या ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी समोरासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा दोन्हींच्या प्लेअरमध्ये जुनी डीव्हीडी चालत होती. दोघांनाही ती सोय द्यावीशी वाटली, हेच पुरेसं बोलकं आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद केली. ज्यांनी ती घेतली होती त्यांचं नुकसान झालं, पण ‘तुमचा फॉरमॅट हरला’ ही काही वस्तूतली खोट नव्हे.

हे सगळं लिहिण्याचं कारण, तक्रार जिथे चालेल त्या ग्राहक आयोगापुढे दुकानदार म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय: ‘साहेब, फोर-के प्लेअर घेतला तो फोर-केसाठी. व्हीसीडी ही वरवरची गोष्ट.’ त्याला उत्तर हेच की ज्याच्याकडे दोनशे जुन्या डिस्क आहेत त्याच्यासाठी जुनं चालणं हाच सौद्याचा गाभा आहे. तुमच्याकडे फोर-के डिस्क एकही नसेल तर तक्रारीत तसं स्पष्ट लिहा. ३२,००० रुपये तुम्ही कशासाठी मोजले हे त्यातून आपोआप दिसतं.

आता कलमं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. वस्तू मोडकी असली तरच ती सदोष, असं ही व्याख्या म्हणत नाही. विक्रेत्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला असेल, त्यात वस्तू कमी पडली तर तोही दोष. ‘कोणत्याही प्रकारे’ यात तोंडी बोलणं येतं, व्हॉट्सअ‍ॅप तर येतंच. म्हणून ‘प्लेअरमध्ये बिघाड नाही, तो जसा बनवला तसाच चालतोय’ हा सेवा केंद्राचा शेरा खरा असला तरी दुकानदाराला त्याचा फायदा नाही.

दुसरा आधार जुना आहे: माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६. खरेदीदाराने आपली गरज दुकानदाराला सांगितली, त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, आणि तो माल विकणं हा दुकानदाराचा रोजचा धंदा असेल, तर माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे अशी अट सौद्यात गृहीत धरली जाते. याला एक अपवाद आहे आणि तिथेच पुष्कळ तक्रारी घसरतात. खरेदीदाराने विशिष्ट कंपनीचं, विशिष्ट नावाचं मॉडेल स्वतः मागून घेतलं तर ही गृहीत अट लागू होत नाही. तुम्ही मॉडेल मागितलं नाही, गरज सांगितली; मॉडेल त्याने दाखवलं. तक्रारीत हा क्रम जसा घडला तसाच लिहा. ‘मी अमुक प्लेअर घ्यायला गेलो होतो’ असं एखादं वाक्य नकळत आलं तर समोरचा वकील तेच धरून बसेल.

बिलावरच्या शिक्क्याला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. तुम्ही चौथ्या दिवशी लेखी कळवलंत हे फार चांगलं केलंत. सात महिने उलटले म्हणून हक्क बुडत नाही, कारण तक्रारीची मुदत कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. तरी आता आणखी थांबू नका. प्लेअर रोज वापरात राहिला तर ‘मजेत वापरतायत की’ असं म्हणायला जागा मिळते. शक्य असेल तर तो बंद करून खोक्यात ठेवा.

कंपनीविरुद्ध तुमची बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. माहितीपुस्तिकेतल्या यादीत व्हीसीडी नसेल तर कंपनीने खोटं सांगितलं असं म्हणणं कठीण. खोक्यावरच्या ‘सीडी’ या शब्दावर मात्र थोडं भांडता येईल, आणि त्यासाठी घरीच एक चाचणी करा. गाण्यांची विकत घेतलेली ऑडिओ सीडी प्लेअरमध्ये घालून बघा. सीडी आणि व्हीसीडी या डिस्क म्हणून एकच आहेत, दोन्ही वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो. डीव्हीडीला ६५० चा लाल, ब्लू-रेला ४०५ चा जांभळा. ऑडिओ सीडी वाजली तर यंत्राला ती डिस्क वाचता येते, व्हीसीडी फक्त सॉफ्टवेअरमध्ये सोडून दिली आहे, हे सिद्ध होतं. मग ‘सीडी’ एवढंच छापून व्हीसीडीबद्दल गप्प राहणं ही महत्त्वाची माहिती लपवणं आहे का, हा मुद्दा मांडता येतो. तो टिकेलच असं मी म्हणणार नाही. तरीही कंपनीला दुसरी विरुद्ध पक्षकार करा. नाहीतर दुकानदार गैरहजर असलेल्या कंपनीवर सगळं ढकलून मोकळा होईल.

चाचणीबद्दल आणखी एक. लग्नाच्या व्हीसीडी बहुधा स्टुडिओत कोऱ्या सीडीवर लिहिलेल्या असणार. अशा डिस्क वीस वर्षांत खराब होऊ शकतात आणि ‘तुमची डिस्कच गेली आहे’ असं कंपनी म्हणू शकते. म्हणून दुकानातून विकत घेतलेल्या, छापील व्हीसीडी दाखवा. त्याच व्हीसीडी दुसऱ्या एखाद्या जुन्या प्लेअरवर किंवा संगणकावर चालत असल्याचं मोबाइलवर चित्रण करून ठेवा, आणि लगेच तीच डिस्क नव्या प्लेअरमध्ये घातल्यावर पडद्यावर येणारा संदेशही. एकाच चित्रणात, मध्ये न थांबवता.

मला काही वाचक विचारतात, ग्राहक संरक्षण कायद्यातलं ‘उत्पादन दायित्व’, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी, इथे लावता येतं का? नाही. त्या प्रकरणात ‘हानी’ म्हणजे इजा, आजार, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान वगैरे. वस्तू स्वतःच उपयोगाची निघाली नाही किंवा पैसे वाया गेले, ही त्या व्याख्येतली हानी नव्हे. ते कलम घालून तक्रार जड करू नका.

करायचं ते असं. आधी दुकानदार आणि कंपनी, दोघांना स्पीड पोस्टने साधी नोटीस पाठवा: काय मागितलं, काय सांगितलं गेलं, केव्हा कळवलं, आणि १५ दिवसांत प्लेअर परत घेऊन ३२,००० रुपये द्यावेत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कंपन्या पुष्कळदा तिथेच ऐकतात. उपयोग झाला नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात, किंवा ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या, तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील देण्याची सक्तीही नाही. आयोग मध्यस्थीचा पर्याय देऊ शकतो. दुकानदार व्हीसीडी चालणारा प्लेअर देऊन फरकाची रक्कम परत करायला तयार झाला, तर माझ्या मते तुम्ही ते घ्यावं, कारण तुम्हाला शेवटी नाटकंच पाहायची आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आहे त्या फोनमध्येच जपा, मेसेज खोडू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना अगदी काटेकोर धरून चालत नाही, पण तुमची सगळी केस ज्या ओळीवर उभी आहे तिच्यावर शंका घ्यायला जागाच का ठेवायची? मागणीत प्लेअरची किंमत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल माफक भरपाई आणि तक्रारीचा खर्च एवढंच असू द्या. लाखांचे आकडे लिहिले की खरी तक्रारही उगाच संशयास्पद वाटते. पैसे मिळाले तर प्लेअर परत द्यावा लागेल, हे लक्षात असू द्या.

प्रती काढण्याचं म्हणाल तर लग्नाच्या व्हीसीडी निर्धास्त उतरवा. मोबदला देऊन तुमच्या सांगण्यावरून केलेल्या चित्रीकरणाचे पहिले मालक तुम्हीच, वेगळा करार नसेल तर. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये तसं आहे. आणि हे काम आयोगाच्या निकालाची वाट न पाहता याच आठवड्यात करा; त्या डिस्क प्लेअरपेक्षा कितीतरी मोलाच्या आहेत. सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह असलेला कुठलाही संगणक त्या वाचू शकतो.

नाटकांचं थोडं वेगळं. त्यांचे हक्क निर्मात्यांकडे आहेत, पण कलम ५२(१)(अ) खासगी, वैयक्तिक उपयोगासाठीच्या रास्त वापराला मोकळीक देतं. स्वतः विकत घेतलेल्या डिस्कची घरात पाहण्यापुरती एक प्रत त्यात बसते, असं माझं मत आहे. व्हीसीडीवर सहसा प्रत काढू न देणारं कुलूपही नसतं. डीव्हीडी आणि ब्लू-रेवर असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणाऱ्याला कलम ६५अ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. तुम्हाला त्या वाटेला जायचंच नाही. फक्त नाटकांच्या फाइल मित्रमंडळींच्या ग्रुपवर टाकू नका, कितीही जुनं आणि बाजारात न मिळणारं नाटक असलं तरी. तिथे वैयक्तिक वापर संपतो.

अमेरिकेतून आलेल्या डीव्हीडी तक्रारीत घालू नका. कुठली डीव्हीडी कुठे चालावी यासाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत: अमेरिकेचा विभाग १, भारताचा ५. डिस्कच्या मागे पृथ्वीच्या चिन्हात तो आकडा छापलेला असतो, आणि विभाग न जुळल्यामुळे डिस्क नाकारली जाणं हा ठरवून केलेला भाग आहे, दोष नाही. शिवाय त्या डिस्क खरेदीनंतर घरात आल्या, त्यांच्याबद्दल दुकानदाराने काही कबूल केलं नव्हतं. मुलगा पुन्हा येणार असेल तर त्याला सांगा, साध्या ब्लू-रेलाही विभाग असतात, अमेरिका ए आणि भारत सी, फोर-के ब्लू-रेला मात्र विभागच नाहीत. आणेल तर त्याच आणू दे, आणि प्लेअर दुकानात परत गेलेला नाही ना, हे आधी फोनवर विचारून.