गाइडचा एच-इंडेक्स ४८ की १९?

तुमचा प्रश्न असा: सिंथेटिक ऑरगॅनिकमध्ये (कार्बनी रेणू बनवण्याच्या रसायनशास्त्रात) पीएचडी करायची आहे, एका गाइडचा एच-इंडेक्स ४८, दुसऱ्याचा १९, तर डोळे झाकून पहिल्याकडे जावं का?

डोळे उघडे ठेवूनच जा. १९ म्हणजे किमान १९-१९ सायटेशन्स (इतर पेपरमध्ये आलेले उल्लेख) मिळालेले १९ पेपर, बाकी काही नाही. हे माप २००५ साली काढलं होर्हे हिर्श यांनी, ते भौतिकशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियात ला होयाच्या विद्यापीठात. गंमत म्हणजे त्याच ला होयात स्क्रिप्स संस्थेत रसायनशास्त्रज्ञ बॅरी शार्पलेस आहेत, आणि आपल्या विषयात सायटेशन कशाला मिळतं हे त्यांच्याकडे बघून चांगलं कळतं.

१९८० मध्ये त्यांनी कात्सुकींबरोबर असममित इपॉक्सिडेशन दिलं (ऑक्सिजन जोडून, आरशातल्या प्रतिमांसारख्या दोन रूपांपैकी मुख्यतः एकच देणारी अभिक्रिया), पुढे तसंच डायहायड्रॉक्सिलेशन (दुहेरी बंधावर दोन ओएच गट जोडणं). २००१ मध्ये त्यावर नोबेल. त्याच वर्षी कोल्ब आणि फिन यांच्यासोबत 'क्लिक केमिस्ट्री'वर लेख. कुठला अवघड रेणू बनवल्याची ती हकीकत नव्हती, जोडणी कशी सोपी असावी याचा तो विचार होता. २००२ मध्ये अझाइड (नायट्रोजनचा गट) आणि अल्काइन (कार्बनचा तिहेरी बंध) तांब्याच्या मदतीने जोडून दाखवलं. डेन्मार्कमध्ये मेल्डाल यांनाही स्वतंत्रपणे तेच सापडलं. ही अभिक्रिया मुळात ह्यूसगेन यांची, पण तापवावी लागायची आणि दोन आयसोमर (तेच अणू, जोडणी वेगळी) हाती यायचे. तांब्याने ती साध्या तापमानाला, पाण्यातसुद्धा, एकच पदार्थ देऊ लागली. मग पॉलिमरवाले, जीवशास्त्रवाले, औषधवाले सगळेच तुटून पडले. २०२२ मध्ये दुसरं नोबेल.

याउलट अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड. एशेनमोझर यांच्याबरोबर बी-१२ जीवनसत्त्व बनवलं, सुमारे शंभर माणसं खपली. ते वाचून माणूस थक्क होतो, पण सोमवारी सकाळी आपल्या फ्लास्कमध्ये त्यातलं काय वापरणार? पद्धत सायटेशन खेचते, टोटल सिंथेसिस (साध्या पदार्थांपासून अख्खा रेणू बनवणं) कौतुक. क्लार्क स्टिल यांनी एकाहून एक सुंदर सिंथेसिस केल्या, पण त्यांचं नाव निघतं १९७८ च्या फ्लॅश कॉलमच्या (मिश्रणातले पदार्थ पटकन वेगळे करायच्या नळीच्या) पेपरवरून. सिलिका आणि हवेचा दाब!

आणि कधीकधी पद्धत इतकी मुरते की सायटेशनही बंद होतं. मी कंपनीत असताना एडी-मिक्स-बीटा (शार्पलेस यांच्या डायहायड्रॉक्सिलेशनचं तयार मिश्रण) किती वेळा वापरलं याला गणती नाही. नारिंगी-पिवळी पावडर, एका मिलीमोल अल्कीनला १.४ ग्रॅम, टर्ट-ब्युटानॉल आणि पाणी, बर्फात ठेवून रात्रभर ढवळायचं, सकाळी सोडियम सल्फाइट टाकायचं. रिपोर्टमध्ये लिहायचो फक्त 'एडी-मिक्स-बीटा'. शार्पलेस यांचा पेपर आठवायचाही नाही, आणि आठवला असता तरी कंपनीतला रिपोर्ट सायटेशनमध्ये धरतो कोण?

तेव्हा ४८ वाल्यांचे सगळ्यात जास्त सायटेशन असलेले पाच पेपर उघडा. रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा) आहेत की अभिक्रिया? स्वतःच्याच ग्रुपने किती वेळा सायट केलंय? परक्या लॅबने ती अभिक्रिया वापरून यील्ड (किती टक्के पदार्थ हाती आला) दिलाय का? १९ वाल्यांची सपोर्टिंग इन्फॉर्मेशन (पेपरला जोडलेले प्रयोगांचे तपशील) वाचा: एनएमआर (रेणूची ओळख पटवणारे आलेख) स्वच्छ आहेत का, कृती इतकी नीट लिहिली आहे का की तुम्ही उद्या ती करून बघू शकाल?

मग दोघांच्या पाचव्या वर्षातल्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. कॉलम पॅक करायला शिकवलं कोणी, आणि अभिक्रिया फसली की सर हुडपाशी (वाफा ओढून घेणाऱ्या प्रयोगाच्या कपाटापाशी) येतात की फक्त आकडा विचारतात, एवढं विचारा.