मुलगी एकटी निघाली आहे. आधी स्कूटरचं बोलून घ्या

पत्र:

नमस्कार. आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो. धाकटी मुलगी वीस वर्षांची आहे, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. येत्या जूनमध्ये आम्ही चौघं आणि भारतातून सासूबाई असे सगळे दोन आठवडे जपानला जातोय. नंतर आम्ही परत येणार. पण हिला तिथूनच पुढे तीन आठवडे एकटीनं व्हिएतनाम आणि थायलंड फिरायचंय आणि मग आजीकडे भारतात जायचंय. पैसे तिने स्वतः काम करून साठवलेत. तिचे बाबा ‘अजिबात नाही’ म्हणून बसलेत. सासूबाई मात्र ‘जाऊ दे की पोरीला’ म्हणतात! मोठा मुलगा एकोणिसाव्या वर्षी एकटा युरोप हिंडून आला, तेव्हा ह्यांनी हूं की चूं केलं नव्हतं, हे ती रोज ऐकवते. मी निदान हनोईपर्यंत तिच्यासोबत जाऊन तिला हॉटेलात सोडून यावं का?

— एक आई

उत्तर:

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या घरातलं सगळ्यात विचारी मत त्यांचं दिसतंय.

मोठ्या भावाचा मुद्दा टाळू नका. तो खरा आहे आणि तो तिच्या मनात घर करून बसलाय. रात्री उशिरा सुनसान रस्त्यावर मुलीला जास्त सावध राहावं लागतं, हे हनोईत खरं आणि युरोपातही खरं. त्यासाठी काय करायचं हे तिच्याशी बसून बोलता येतं. मुक्कामी दिवसाउजेडी पोचायचं, पहिल्या दोन रात्रींची खोली आधीच ठरवायची, हॉस्टेलात फक्त मुलींची डॉर्म घ्यायची, रात्री रस्त्यावर हात दाखवून वाहन थांबवण्याऐवजी ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवायची. थायलंडमध्ये रात्रीच्या काही रेल्वेगाड्यांना बायकामुलांसाठी वेगळा डबा असतो, तो मिळाला तर उत्तम. ‘नाही’ म्हटलं की हे बोलणंच बंद होतं. मग ती तिकीट काढूनच सांगेल, आणि तेही कदाचित विमानतळावरून.

तिच्या बाबांना एक काम द्या. नेमकी कशाची भीती वाटते ते त्यांना कागदावर लिहू दे. बहुतेक पळवून नेणं, लुटणं, हल्ला असं काहीतरी उतरेल. हे अशक्य आहे असं कोण म्हणेल? पण त्या भागात हिंडणाऱ्या विशीतल्या पोरांना घरी जखमी होऊन परतावं लागतं ते बहुतेकदा एका साध्या गोष्टीमुळे, आणि ती त्या कागदावर नसेल. ती म्हणजे भाड्याची स्कूटर.

थायलंडमध्ये रस्त्यावर मरणाऱ्यांत बहुसंख्य लोक दुचाकीवरचे असतात. स्कूटर मिळते मात्र कोपऱ्यावर, पासपोर्ट नाहीतर थोडे पैसे ठेवून, लायसन्स कुणी विचारत नाही. विचारते ती विमा कंपनी, अपघात झाल्यावर. तुमच्या मुलीकडे अमेरिकेचं कारचं लायसन्स असेल, त्यावर मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना कारपुरताच असतो, दुचाकीला तो चालत नाही. दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते: अमेरिकेत मिळणारा हा परवाना १९४९च्या जिनिव्हा कराराखालचा, तर व्हिएतनाम मानतो १९६८च्या व्हिएन्ना कराराखालचा. म्हणजे तिच्याकडे दुचाकीचं अमेरिकन लायसन्स असतं तरी व्हिएतनामच्या रस्त्यावर ती विनापरवानाच ठरली असती. विनापरवाना चालवताना पाय मोडला तर विमा कंपनी हात वर करते, आणि शस्त्रक्रियेचं, वर विमानाने दुसऱ्या देशात हलवण्याचं बिल तुमच्या दारात येतं. तेव्हा नियम एकच, आणि त्यावर घासाघीस नाही: स्कूटर स्वतः चालवायची नाही. उत्तर व्हिएतनाममधल्या हा जियांगच्या घाटांचे व्हिडिओ तिने नक्की पाहिले असतील. तिथे स्थानिक चालकाच्या मागे बसून फिरता येतं, हेल्मेट घालून. पण जून ते सप्टेंबर तिकडे जोराचा पाऊस, दरडी कोसळतात. मी तिच्या जागी असते तर जूनमध्ये मध्य व्हिएतनाम धरला असता. ह्वे, दा नांग, होई आन. तिकडचा पाऊस सप्टेंबरनंतरचा, जूनमध्ये कोरडं आणि भयंकर गरम. ह्वे ते दा नांग रेल्वे हाय व्हान घाटातून समुद्राच्या कडेकडेने जाते; स्कूटरवरून दिसणारं बरंचसं त्या खिडकीतून दिसतं.

दारूबद्दलही बोला. ‘आमची मुलगी पीत नाही’ म्हणून हा विषय सोडून देऊ नका, मला अशी पत्रं खूप येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या पर्यटकांच्या गावात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेली दारू पोटात गेल्याने सहा परदेशी पर्यटक दगावले, त्यांत १९ वर्षांच्या दोन मैत्रिणी होत्या. फुकट वाटलेले शॉट आणि बादलीतली कॉकटेलं हा धोका असतो. प्यायचंच असेल तर समोर उघडलेली सीलबंद बिअर. हे वाक्य आईच्या तोंडून ऐकून तिला धक्का बसेल. बसू दे.

आता औषधांची पिशवी, कारण इथे जपानमध्येच अडकायला होतं. लक्ष लागत नाही म्हणून अमेरिकेत पुष्कळ कॉलेजची मुलं ॲडरॉल घेतात, अगदी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. जपानमध्ये ते नेणं हाच गुन्हा आहे, चिठ्ठी असली तरी. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं, त्याही बंद. सासूबाईंच्या पिशवीतल्या सर्दीच्या गोळ्याही म्हणून वाचून घ्या. गांजाच्या गमी न्यू जर्सीत दुकानात मिळतात, त्यामुळे मुलांना ते साधं वाटतं. थायलंडने २०२२ मध्ये गांजा मोकळा केला आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता आवळला. सिंगापूरमध्ये तर अमली पदार्थांच्या तस्करीला फाशी आहे, आणि विमान बदलायला बरेचदा तिथेच थांबावं लागतं. कॉलेजची पाठपिशवी घरी पूर्ण रिकामी करून, झटकून मग भरा. ई-सिगारेट असेल तर तीही काढा. थायलंड आणि सिंगापूर दोन्हीकडे त्यावर बंदी आहे.

एवढं झाल्यावर तिच्या बाबांचा कागद फाडायला हरकत नाही. खरं काम जपानमध्ये आहे.

बहुतेक घरांत सहलीची आखणी बाबा करतात, सामान आई भरते, आणि मुलं मागून मोबाईल बघत चालतात. मग तेच मूल एकटं निघालं की आपण घाबरतो, आणि घाबरायला कारणही असतं, कारण त्याने कधी काही केलेलंच नसतं. यंदा जपान तिच्या हातात द्या. तिकीट काढणं हा त्यातला सोपा भाग. पाच माणसांना, त्यांतल्या एका म्हातारीला, सुखरूप एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणं हे काम. सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन झाला. टोकियो ते क्योटो शिंकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एकेरी तिकीट साधारण १४,००० येन. आता तुमच्या दोन आठवड्यांच्या मार्गाला पास परवडतो की सुटी तिकिटं, हा हिशेब तिला करू दे. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग त्या गाडीत न्यायची तर जागा आधी राखावी लागते; त्यापेक्षा ताक्युबिन या सामान पोचवणाऱ्या सेवेने बॅगा हॉटेलातून हॉटेलात पाठवल्या की सासूबाईंचे हात मोकळे. हे तिला शोधू दे. सासूबाई शाकाहारी असतील तर आणखी उत्तम सराव. जपानमध्ये भाजीच्या सूपमध्येही दाशी म्हणजे माशाचा अर्क असतो, तो कुठे नाही हे विचारायला शिकलेली मुलगी पुढे व्हिएतनाममध्ये ‘चाय’ आणि थायलंडमध्ये ‘जे’ लिहिलेल्या, म्हणजे शाकाहारी जेवणाच्या, पाट्या आपोआप शोधेल. शिवाय सासूबाई भारतीय पासपोर्टवर येणार, त्यांना व्हिसा आधी लागेल; तुमचे पासपोर्ट अमेरिकन असतील तर तुम्हाला नाही. तो अर्जही नातीने भरून द्यावा. आजी-नातीत फोनवर काय काय बोलणं होईल ते तुम्ही ऐकू नका.

आणि चूक झाली तर गप्प राहा, हे बाबांसाठी. ती चुकीच्या फलाटावर नेईल. तिथे पुढची गाडी थोड्याच वेळात असते, हरवलेली पर्स पोलीस चौकीत परत मिळण्याची शक्यता चांगली असते. चुकायला याहून स्वस्त देश सापडणार नाही. मधला एक दिवस तिला एकटीला सोडा. क्योटोहून नाराला किंवा हिरोशिमाला जाऊन संध्याकाळी परत. तुम्ही त्या दिवशी फोन करायचा नाही.

कागदपत्रांत एक साखळी आहे, ती आजच तपासा. अमेरिकेत सोळा वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. तिचा पंधराव्या वर्षी काढला असेल तर तो आत्ताच संपतोय, आणि त्या भागातले बहुतेक देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. आधी नवा पासपोर्ट, मग त्या नव्या नंबरवर व्हिएतनामचा ई-व्हिसा. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांचा मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह डॉट व्हीएन असतं. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, ते कुणी तिकिटावर घालतं, कुणी गाळतं. व्हिसाच्या अर्जात पासपोर्टवर आहे अगदी तसंच, सगळं नाव हवं. थायलंडला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे आणि फुकट आहे. आणि शेवटी आजीकडे जायचंय ना? वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट मिळाला की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) एकदा नव्याने काढावं लागतं. हे बहुतेकांना विमानतळाच्या काउंटरवर कळतं.

फोनबद्दल. चोवीस तास तिचं लोकेशन बघत बसण्याच्या मी विरोधात आहे. ठिपका हलला नाही की तुमचा जीव टांगणीला, आणि ती तर झोपलेली असते किंवा बॅटरी गेलेली असते. जूनमध्ये तुमचे सकाळचे आठ म्हणजे तिच्याकडे संध्याकाळचे सात, व्हिएतनाम आणि थायलंड दोन्हीकडे. त्या वेळेला तिचा एक मेसेज: आज कुठे मुक्काम, उद्या कुठे. मेसेज आला नाही तर किती तासांनी तुम्ही हॉस्टेलला फोन करायचा आणि त्यानंतर वकिलातीला, हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या स्टेप योजनेत तिने प्रवासाआधी नाव नोंदवावं, फुकट आहे. थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

एक विषय मोठा आहे पण तिला थोडक्यात सांगितला तरी पुरे. प्रवासात भेटलेल्या कुणी थायलंडच्या सीमेजवळ किंवा कंबोडियात सोप्या, भरपूर पगाराच्या ऑनलाइन कामाची गोष्ट काढली, तर उठून यायचं. अशाच आमिषाने म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्या शेकडो भारतीय तरुणांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं होतं.

आता तुमचा प्रश्न. हनोईपर्यंत जाऊ नका. तुम्ही खोलीपर्यंत सोडलंत तर पहिला दिवस तुमचा होतो, आणि तुम्ही निघालात की तिचा एकटीचा प्रवास रडून सुरू होतो. ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून हनोईला थेट विमानं आहेत. तुमचं परतीचं विमानही त्याच विमानतळावरून, तिच्या विमानानंतर काही तासांचं घ्या, म्हणजे निरोप द्यायचा तो तिला द्याल. सासूबाईंचं भारताचं विमान कुठून आणि किती वाजता, हे मात्र मला पत्रात सापडलं नाही. त्यांना एकटीला वेगळ्याच टर्मिनलवर बसवून तुम्ही निघणार नाही ना?