'मी' च्या पुढचं क्रियापद

"ताई, कायद्यानंच बंद केलं. आता आम्ही काय करायचं?"

२०२३ च्या उन्हाळ्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की मोजणं सोडून दिलं. मी टेक्ससमध्ये समुपदेशन करते. माझ्याशी मराठीत बोलता येतं, म्हणून मराठी घरं जरा जास्त येतात. २ जून २०२३ ला गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी सिनेट बिल १४ वर सही केली आणि १ सप्टेंबरपासून तो कायदा लागू झाला. अठरा वर्षांखालच्या मुलाला लिंगबदलासाठी वयात येणं लांबवणारी औषधं, हार्मोन्स किंवा शस्त्रक्रिया द्यायची नाही. दिली तर डॉक्टरचा परवाना जाणार. असा कायदा करणारं आर्कान्सा हे पहिलं राज्य, २०२१ साली. आता अशी राज्यं २५ हून जास्त आहेत.

वाक्य एकच, पण सूर दोन. काही आईबाप ते रडवेले होऊन म्हणतात, काही सुटकेचा श्वास टाकून. आणि दोन्ही सुरांच्या घरांत पुढे एकच गोष्ट घडते: या विषयावर मुलाशी बोलणं संपतं. रडणाऱ्यांना वाटतं, आता बोलून काय उपयोग? सुटलेल्यांना वाटतं, आता बोलायची गरज काय?

सोनूच्या घरात आई पहिल्या सुरातली होती आणि बाबा दुसऱ्या. (नाव अर्थातच बदललं आहे, आणखीही बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत. घरच्यांची परवानगी घेतली आहे.) सोनूला सोळा पूर्ण व्हायला तीन महिने होते. जन्माची नोंद मुलगी अशी. गेली दोन वर्षं सोनू सांगत होता की मी मुलगा आहे. एका क्लिनिकची पहिली भेट ऑक्टोबरमध्ये ठरली होती. ती रद्द झाल्याचं पत्र जुलैत आलं.

पहिल्या भेटीत आईच्या हातात वही होती. न्यू मेक्सिको, मिनेसोटा, इलिनॉय अशा जिथे बंदी नाही त्या राज्यांची नावं, त्यापुढे नोकऱ्या, शाळा. डॅलसहून न्यू मेक्सिकोची नुसती हद्द गाठायलाच गाडीने सहा-सात तास लागतात, हेही तिने लिहून ठेवलं होतं. पण नवऱ्याचा एच-१बी, म्हणजे कंपनीने काढलेला कामाचा व्हिसा. कामाची जागा दुसऱ्या महानगरात गेली की कंपनीला नव्याने अर्ज करावा लागतो, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं असलेलं घर अशा वेळी जागचं हलायला घाबरतं. वहीच्या शेवटच्या पानावर एकच ओळ होती: "आमच्यावर केस होईल का?"

हा प्रश्न हवेतून आलेला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये गव्हर्नरनी अशा उपचारांकडे बालछळ म्हणून बघून आईबापांची चौकशी करण्याचा आदेश राज्याच्या बालसंरक्षण खात्याला दिला होता. व्हिसावर राहणाऱ्या माणसाची झोप उडवायला एवढं पुरतं. मी सांगितलं की सिनेट बिल १४ मधली शिक्षा डॉक्टरला आहे, आणि त्याच्या मजकुरात समुपदेशनाला मनाई नाही. उलट ज्यांचे उपचार आधीच सुरू होते त्यांना औषध हळूहळू कमी करत नेण्याची जी सवलत दिली होती, तिच्यासाठी अट अशी की उपचारांआधी निदान सहा महिन्यांत समुपदेशनाची बारा सत्रं झालेली हवीत. बाकी कायद्याचं वकिलाला विचारा, मला नको. समुपदेशकाने वकिली केली की दोन्ही बिघडतात.

बाबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मला हलकं वाटलं. नाही म्हणायचा वाईटपणा माझ्या वाट्याला आला नाही."

माझ्या पेशात असा प्रामाणिकपणा दुर्मीळ. मी ते वाक्य जपून ठेवलं.

सोनू मात्र हुडी डोक्यावर ओढून बसलेला. "फाइन", "ओके", "आय डोन्ट नो." मला वाटलं, मूल घराच्या भाषेत बोललं तर मोकळं होईल. म्हणून एकट्याने भेटल्यावर मी मराठीत सुरुवात केली आणि वर एक चतुराई केली. मराठीत नपुंसकलिंग आहेच, तेच वापरू. "सोनू काल कुठे गेलं होतं?" असं लाडीगोडीने विचारलं.

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "काकू, मला 'ते' नका म्हणू. मी टेबल नाहीये."

मी माफी मागितली आणि तेव्हापासून 'तो' म्हणते. इथे अनेकजण अडखळतात, म्हणून सांगते: 'तो' म्हणून मी काहीही सिद्ध केलं नाही, कुठल्या औषधाच्या बाजूने मतही दिलं नाही. समोरचा ज्या नावाने वळून बघतो त्या नावाने त्याला हाक मारली, इतकंच. मी शिकले ती परंपरा मुलाला सुटं काढून तपासत नाही, सगळ्या घराचा धागा बघते. आणि या घराचा धागा भाषेत अडकला होता, हे कळायला मला आणखी तीन आठवडे लागले.

आईची एक तक्रार सुरुवातीपासून होती. "मराठी सोडलंच आहे. बोललाच तर 'मला नको', 'माहीत नाही', 'मी येत नाही'. फारच झालं तर 'नंतर करेन'. आजीचा फोन आला तरी तसंच. तिला वाटतं नातवंडाला आपण नकोसे झालो." बाबांचं निदान सोपं होतं: उर्मटपणा, शिवाय अमेरिका. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी कुठल्या घरात 'नाही' आणि 'नंतर' यांपलीकडे काही ऐकू येतं?

चौथ्या भेटीत सहज विचारलं, "आजीशी का बोलत नाहीस रे?"

बराच वेळ तो हुडीच्या दोरीशी चाळा करत राहिला. मग अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं म्हणाला, "इंग्लिशमध्ये 'आय ॲम गोइंग' म्हटलं की संपलं. कुणाला काही सांगावं लागत नाही. मराठीत 'मी' म्हटलं की लगेच पुढे सांगावं लागतं. 'जाते' म्हटलं तर मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. 'जातो' म्हटलं तर भांडण. मग कशाला?"

मी पेन खाली ठेवलं.

तो गेल्यावर वहीत त्याची वाक्यं पुन्हा लिहून काढली. मला नको. माहीत नाही. मी येत नाही. नंतर करेन. मी खाल्लं. यातल्या एकाही वाक्यात बोलणारा बाई की पुरुष हे कळत नाही! मराठीत वर्तमानकाळातला नकार बिनलिंगी असतो. 'करेन', 'जाईन' हा भविष्यकाळही तसाच. 'मी येतो' आणि 'मी येते' मध्ये निवड करावी लागते, 'मी येत नाही' मध्ये नाही. या मुलाने दोन वर्षं, कुणी न शिकवता, आपल्या मायबोलीतली भांडण न होणारी वाक्यं वेचून काढली होती आणि तेवढ्यावर घरात दिवस काढत होता. आणि नेमकी तीच वाक्यं आईबापांना उर्मट वाटत होती. आयुष्यभर मराठी बोलले, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी स्वतःशीच एकेक क्रियापद उलटसुलट करून बघत होते.

त्याला विचारून पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर हे मांडलं.

बाबा हसले. "म्हणजे प्रॉब्लेम व्याकरणाचा आहे?"

आई हसली नाही. जरा वेळाने म्हणाली, "मी कोल्हापूरची. लग्न होईपर्यंत मी 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणायचे. आमच्याकडे मुली तसंच बोलतात. आई तर अजून तसंच बोलते. लग्नानंतर पुण्यात आले, नणंदा हसल्या. महिन्याभरात सुटलं."

"मला कुठे माहीत होतं?" बाबा म्हणाले.

"तूही हसला होतास."

खोलीत कुणीच बोलेना. अशा शांततेत तोंड उघडायचं नाही, हे शिकायला मला पंधरा वर्षं लागली आहेत. मग सोनू म्हणाला, "आजी पण 'मी आलो' म्हणते?"

"कायम."

"मग मी आजीशी बोलतो."

'बोलतो'. बाबांनी ते ऐकलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते हुशार गृहस्थ, लगेच म्हणाले, "पण हिची ती बोलण्याची ढब होती. त्याचा अर्थ ही पुरुष होती असा नाही." अगदी बरोबर, मी म्हटलं. सोनूचीही नुसती ढब नाही. कोल्हापूरच्या बोलीने कुणाच्या लिंगओळखीचा निवाडा होत नाही. फक्त ज्या शब्दावरून भांडण होईल अशी तिघांनाही भीती होती, तो शब्द या घरात आजोळकडून आधीच राहायला आलेला होता.

त्यानंतर खरं बोलणं सुरू झालं, आणि ते गोड नव्हतं. सोनू बाबांना म्हणाला, "कायदा झाला त्या दिवशी तुम्ही फोनवर काकांना 'सुटलो' म्हणालात. मी जिन्यात होतो." बाबांचे डोळे भरले. म्हणाले, "मी तुझ्यापासून नाही सुटलो. उद्या तुला पस्तावा झाला तर कागदावर सही माझी असेल, त्यातून सुटलो." मुलाला बापाची ही भीती माहीत नव्हती. त्याला वाटत होतं, राज्याने आपल्याविरुद्ध निकाल दिला आणि बापाने टाळ्या वाजवल्या.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी हे सांगते. कायदा डॉक्टरला उद्देशून लिहिलेला असतो, पण मूल तो स्वतःवरचा शेरा म्हणून वाचतं. त्यामुळे बातमी आली त्या संध्याकाळी तुमचा आनंद किंवा तुमचं कोसळणं त्याच्यासमोर मांडू नका. आधी विचारा, "तू हे ऐकलंस तेव्हा तुला काय वाटलं?"

आणि एक प्रश्न न लाजता, न आडवळणाने विचारा: जीव नकोसा वाटतो का? विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर यायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर मुलाला एकटं सोडू नका आणि ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनवर फोन करा. बंद दाराआड मूल इंटरनेटवरून हार्मोन्स मागवत नाही ना, याकडेही लक्ष ठेवा. डॉक्टर आणि रक्ततपासणीशिवाय घेतलेलं टेस्टोस्टेरॉन धोक्याचं असतं.

औषधांबद्दल माझं मत विचारतात. मी डॉक्टर नाही. पण आईबापांच्या डोक्यात वयात येणं लांबवणारी औषधं, हार्मोन्स आणि शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टींची खिचडी झालेली असते, तेवढी निवडून देते. वयात येणं लांबवणारी औषधं सुरुवातीच्या टप्प्यासाठी असतात. फार लवकर वयात येणाऱ्या मुलांना ती १९८० च्या दशकापासून दिली जातात, आणि टेक्ससच्या कायद्यात त्यांना सूट आहे. सोनूच्या वयाला प्रश्न असता तो हार्मोन्सचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि अंतःस्रावतज्ज्ञांच्या (हार्मोन्सच्या डॉक्टरांच्या) प्रमुख संघटनांनी या उपचारांच्या बाजूने भूमिका घेतली. फिनलंड, स्वीडन हात राखून चालू लागले. ब्रिटनमध्ये हिलरी कॅस यांच्या एप्रिल २०२४ च्या अहवालाने पुरावा तोकडा असल्याचं म्हटलं, आणि ती लांबवणारी औषधं तिथे अल्पवयीन मुलांना या कारणासाठी बंद झाली. जाणती माणसंच एकमताची नाहीत, हे मुलाला तसंच्या तसं सांगावं. सोळा वर्षांच्या मुलाला ते पेलतं. त्याला पेलत नाही ते मोठ्यांचं खोटं ठामपण. माझं स्वतःचं म्हणणं एवढंच की एकेका मुलाचा हा प्रश्न विधानसभेने सरसकट सोडवायचा नव्हता. पण सोनूच्या बाबांसमोर हे मी कधी बोलले नाही. खुर्चीत बसल्यावर माझं राजकारण बाहेर ठेवायचं असतं.

ते घर टेक्ससमध्येच राहिलं. आईच्या वहीत नंतर दुसरंच काहीबाही लिहिलं गेलं. जून २०२४ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १८ जून २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीचा असाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. त्या दुपारी बाबांचा फोन आला. मला वाटलं, आता पुन्हा 'सुटलो' ऐकावं लागणार.

"मॅडम, निकाल लागलाय. तो पाचला घरी येतो. मी आधी काय विचारू?"

"तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं.

डिसेंबरमध्ये सोनू अठरा वर्षांचा झाला. आता तो कायदा त्याला लागू नाही. काय करायचं ते त्याने ठरवायचं. अजून ठरवलेलं नाही. जानेवारीत त्याने एका डॉक्टरची वेळ घेतली, नुसतं विचारायला. आदल्या रात्री मला त्याचा मेसेज आला, देवनागरीत, एका अक्षराचीही चूक नाही:

"काकू, बाबा पण येतायत उद्या. मी गाडी चालवतो म्हणालो. ते म्हणाले, बरं, पण हायवेवर मी."