तुमचे प्रश्न: राजपूत एक की दोन?

प्रश्न: आमचे आजोबा सांगायचे की ७१ च्या लढाईतली राजपूत बोट इंग्रजांची जुनी होती. पण मोबाईलवर बघितलं तर राजपूत २०२१ ला रिटायर झाली म्हणे. मग खरं काय?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: आजोबा बरोबर आहेत आणि मोबाईलपण, कारण बोटी दोन आहेत. रशियाकडून घेतलेली राजपूत १९८० ला आली आणि २०२१ ला गेली, ती सोडून द्या. आजोबांची राजपूत म्हणजे मूळची रॉदरहॅम, स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला बांधलेली, १९४२ मध्ये ब्रिटिश नौदलात आली, मग हिंदी महासागरात जपान्यांविरुद्ध फिरली आणि १९४५ ला जपान शरण आला तेव्हा सिंगापूरच्या नौदल तळावर हजर होती. १९४९ ला आपण तिला घेतलं, सोबत रणजित आणि राणा या तिच्या बहिणीपण. आपल्याकडे नाव राजपूत.

७१ ला ती पार म्हातारी झालेली, तरी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमहून निघताना पाणबुडीचा संशय आला म्हणून तिने डेप्थ चार्ज टाकले, म्हणजे पाण्याखाली ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी तिथेच बुडाली. आपलं नौदल श्रेय राजपूतला देतं, पाकिस्तान म्हणतं आतच स्फोट झाला किंवा स्वतःच्याच सुरुंगाने गेली. मला विचाराल तर वाद राहू दे, पण आपली विमानवाहू बोट विक्रांत तिथे आहे असं भासवून गाझीला तिथे ओढायचा डाव होता आणि ते आमिष ही म्हातारी बोट होती, ही गोष्ट जास्त भारी आहे! १९७६ ला ती भंगारात गेली.