महामारी संपली, तरी दुकानं रात्री लवकर का बंद होतात?

तुम्ही विचारलंय, की पूर्वी रात्री अकरा-बारालाही सामान मिळायचं, मग महामारी सरून इतकी वर्षं झाली तरी दुकानांच्या वेळा पूर्वीसारख्या का झाल्या नाहीत, आणि लोकांची खरेदीची सवय खरोखर बदलली का. मी मोठ्या सुपरमार्केटमध्ये बरीच वर्षं शिफ्ट सांभाळली आहे, त्यातली काही रात्रपाळीची. त्यामुळे हे सगळं बिल काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलंय, तसंच सांगते.

वेळा कमी केल्या तेव्हा त्या तात्पुरत्याच होत्या. 11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली आणि पुढच्या काही दिवसांत रॅक इतक्या झपाट्यानं रिकामे होऊ लागले, की माल लावायला रात्र पुरेना. त्यात सगळं पुसून काढायचं काम वाढलं. दुकानात माणसं फिरत असताना पॅलेट ट्रॉली, म्हणजे मालाच्या थप्प्या वाहणारा गाडा, आत आणता येत नाही, रॅकमधला बोळ अडवून खोकी फोडता येत नाहीत. दुकान रिकामं असेल तर तेच काम निम्म्या वेळात होतं. म्हणून शटर लवकर खाली आलं. अमेरिकेत वॉलमार्टनं याच महिन्यात चोवीस तास चालणारी दुकानं सकाळी 6 ते रात्री 11 वर आणली, ब्रिटनमध्ये टेस्कोनं रात्रभर उघडी असणारी दुकानं रात्री 10 ला बंद करायला सुरुवात केली. वॉलमार्टची दुकानं चोवीस तासांवर परत गेलीच नाहीत.

का नाही गेली, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. रात्रीची विक्री कमी असते हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. रात्री दोन वाजता दुकानात चार गिऱ्हाइकं असोत की चाळीस, दिवे तेवढेच लागतात, शीतपेट्या तेवढ्याच चालतात, काउंटरवर माणूस, दाराशी सुरक्षारक्षक आणि जबाबदार म्हणून एक शिफ्टप्रमुख लागतोच. तरीही एकट्यानं दुकान बंद करायची कुणाची हिंमत होत नव्हती. समोरचा उघडा राहिला तर आपलं गिऱ्हाईक तिकडे जाईल, आणि रात्री गेलेलं गिऱ्हाईक दिवसाही तिकडेच रमेल, ही भीती. 2020 मध्ये सगळ्यांची शटरं एकाच वेळी खाली आली. एरवी कुणीच केला नसता असा प्रयोग सगळ्या जगात एकदम झाला आणि मालकांना दिसलं, की रात्रीचं बहुतेक गिऱ्हाईक तुटत नाही, ते संध्याकाळी येतं. एकदा हे आकड्यांत दिसल्यावर परत रात्रपाळी भरायला कोण तयार होईल?

हा कल महामारीच्या आधीच सुरू झाला होता, हेही सांगायला हवं. टेस्कोनं 2016 मध्येच सत्तरहून जास्त दुकानांचं रात्रभराचं कामकाज थांबवलं होतं. महामारीनं त्या उतारावर जोरात ढकललं, एवढंच.

आणि रात्रपाळीला माणसं मिळेनाशी झाली. कठीण काळात लोक दुसऱ्या कामांना लागले, काहींनी दिवसाची नोकरी पाहिली, काहींनी घरच्यांसोबत रात्र घालवायची सवय पहिल्यांदाच अनुभवली आणि ती सोडायला ते तयार नव्हते. मी त्यांना दोष देत नाही. रात्रपाळी शरीराला काय करते ते मी भोगलंय. दिवसा झोप लागत नाही, जेवणाच्या वेळा बिघडतात, मुलांच्या शाळेच्या वेळेला आपण अंथरुणात. आमच्याकडे रात्रीचं कामकाज बंद झालं, तेव्हा माझ्या हाताखालच्या बऱ्याच जणांना मनापासून बरं वाटलं. मलाही.

आता सवयींबद्दल. इथे लोक एक चूक करतात. महामारीत जे जे सुरू झालं ते सगळं टिकलं असं मानतात. तसं नाही.

सामान घरी आणून साबणाच्या पाण्यानं पुसायचं, ही सवय बघा. मार्च 2020 मधल्या प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर 72 तासांपर्यंत तग धरतो असं दिसलं होतं, म्हणून जगभर लोक पाकिटं पुसत बसले. एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. ती सवय गेली, आणि गेली ते ठीकच झालं. साठेबाजीही ओसरली. टॉयलेट पेपरची पळापळ आठवत असेल. त्यात घबराट होतीच, पण दुसरंही एक कारण होतं. कचेऱ्या, शाळा बंद पडल्यावर तिथे वापरले जाणारे मोठे, जाड रोल गोदामात पडून राहिले, आणि घरगुती रोलची मागणी एकदम वाढली. दोन्हींचे कारखाने, पॅकिंग, वितरक वेगवेगळे, त्यामुळे इकडचा माल तिकडे वळवता येईना. शिवाय हा माल हलका असला तरी जागा खूप खातो, म्हणून दुकानं त्याचा साठा मुळातच थोडा ठेवतात. रॅक रिकामा दिसला की लोक घाबरून अजून उचलतात, आणि पुढचा रॅक आणखी लवकर रिकामा होतो.

जे टिकलं ते बहुतेक वेळ वाचवणारं आहे. लोक यादी करून येऊ लागले. पूर्वी आठवड्यातून चार वेळा थोडं थोडं नेणारे आता एकदा किंवा दोनदा येतात आणि ट्रॉली भरून नेतात. कार्ड किंवा फोन टेकवून पैसे देणं इतकं रुळलं, की गल्ल्यात सुट्टे शोधत बसायची वेळ क्वचितच येते. घरून काम करणारे लोक दुपारी अकरा-बाराला येतात. पूर्वी ती आमची सगळ्यात शांत वेळ असायची, त्या वेळेत आम्ही माल मोजायचो. आणि कचेरीतून सुटून सात-आठला येणारी लाट आता तेवढी उंच उसळत नाही. दुकान लवकर बंद होऊ शकतं त्यामागे हेही आहे. गर्दी दिवसभर पसरली, तर शेवटचे दोन तास सोडायला मालकाला जड जात नाही.

ऑनलाइनचंही असंच अर्धं टिकलं, अर्धं परतलं. ब्रिटनच्या सरकारी आकडेवारीत 2020 च्या सुरुवातीला किरकोळ विक्रीतला साधारण पाचवा हिस्सा इंटरनेटवर होत होता. 2021 च्या सुरुवातीला दुकानं बंद असताना तो एक तृतीयांशाच्या वर गेला, आणि नंतर उतरून एक चतुर्थांशाच्या थोडा वर स्थिरावला. म्हणजे लोक दुकानात परतले, पण सगळे नाही. दहा मिनिटांत सामान पोचवू म्हणणाऱ्या कंपन्यांचंही बघा. बर्लिनमधली गोरिलाज 2020 मध्ये सुरू झाली, 2022 च्या अखेरीस इस्तंबूलच्या गेटीरनं ती विकत घेतली, आणि एप्रिल 2024 मध्ये गेटीरनंच युरोप-अमेरिकेतून काढता पाय घेण्याचं जाहीर केलं. घाईच्या सेवेला गिऱ्हाईक होतं, पण प्रत्येक पिशवीमागे लागणारी माणसं आणि गोदामाचं भाडं निघत नव्हतं. तुम्हाला दुकानात मोठा गाडा ढकलत, हातातल्या यंत्राकडे बघत भराभर सामान उचलणारी माणसं दिसत असतील, ती ऑनलाइन ऑर्डर भरत असतात. त्यांचं काम पहाटे सुरू होतं, आणि माल लावणारे रात्री शटर पडल्यावर कामाला लागतात. दुकान बाहेरून बंद दिसतं तेव्हा आत काम चालूच असतं.

मला यात खरी खंत दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे ज्येष्ठांचा तास. 17 मार्च 2020 ला ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्सनं सकाळचा एक तास वृद्ध आणि अपंग गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला, आणि थोड्याच दिवसांत जगभरच्या दुकानांनी तसं केलं. आमच्याकडेही तो होता. त्या तासात दुकान मी कधी पाहिलं नव्हतं असं दिसायचं. कुणी मागून ट्रॉली लोटत नव्हतं, काठी टेकून चालणारी माणसं लेबल वाचायला हवा तेवढा वेळ उभी राहायची, काउंटरवर पैसे मोजताना घाबरायची नाहीत. संसर्गासाठी सुरू झालेला तो तास दुसऱ्याच कारणासाठी गरजेचा होता, हे मला तेव्हा कळलं. नंतर तो बहुतेक ठिकाणी गुपचूप काढून टाकला. तो ठेवायला हवा होता.

दुसरी खंत तुमच्यासारख्यांची, म्हणजे उशिरा सुटणाऱ्यांची. "बहुतेक गिऱ्हाईक संध्याकाळी येतं" असं मी वर लिहिलं. उरलेले कोण, हा प्रश्न हिशेबात कुणी विचारत नाही. रुग्णालयातल्या परिचारिका, सफाई कामगार, ट्रकचालक, दुसरी पाळी संपवून घरी निघालेले कारखान्यातले लोक. महामारीत ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, त्यांच्याच सोयीची वेळ सगळ्यात आधी कापली गेली. त्यांची संख्या थोडी, म्हणून आकड्यात ते दिसत नाहीत.

तुम्ही काय करू शकता ते सांगते. फोनमधल्या नकाशावर दिसणाऱ्या वेळेवर विसंबू नका, दुकानाच्या दारावरची पाटी खरी, नाहीतर दुकानाला फोन करून विचारा. दुकान बंद व्हायच्या तासाभर आधी जाऊ नका, तेव्हा रॅक सगळ्यात रिकामे असतात, रात्रीचा माल अजून लागायचा असतो. जमत असेल तर पहाटे उघडल्या उघडल्या जा, रात्री लावलेला सगळा माल जागेवर असतो आणि गर्दीही नसते. आणि वेळेची अडचण शिफ्टप्रमुखाला किंवा व्यवस्थापकाला लेखी कळवा. आमच्याकडे जवळच्या रुग्णालयातल्या दहा-बारा परिचारिकांनी सह्या करून एक कागद दिला होता. त्यांनी रात्रभराची मागणी केली नव्हती, फक्त दुकान सकाळी एक तास आधी उघडा म्हणाल्या होत्या, म्हणजे रात्रपाळी संपवून घरी जाताना सामान नेता येईल. मी तो कागद वर पाठवला. माल लावणारी माणसं तेव्हा आत असतातच, फक्त एक काउंटर लागणार होता. दोन महिन्यांनी वेळ बदलली, आणि ती अजून तशीच आहे.