नागपुरात बारा महिने चालवायला जुनी मासेराती ग्रॅनटुरिस्मो घ्यायची, तर कुठल्या गिअरबॉक्सची?

४.२ लिटर व्ही८, झेडएफ या जर्मन कंपनीच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकची घ्या. २००८ मध्ये आलेल्या ग्रॅनटुरिस्मो ‘एस’मधला एमसी शिफ्ट हा मुळात क्लचवालाच गिअरबॉक्स, फक्त क्लच पायाऐवजी यंत्र दाबतं. सीताबर्डीच्या गर्दीत इंच इंच सरकताना तो क्लच झिजतो आणि बदलायचा खर्च घाम फोडतो. झेडएफमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा जोड आहे, त्यामुळे ती कटकट नाही. गाडी शक्यतो मे महिन्यात, भर दुपारीच बघा. एसी लावून अर्धा तास जागेवर चालू ठेवा. तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकला की हात जोडून निघा. मात्र बारा महिन्यांत पावसाळाही धरला असेल, तर नरेंद्रनगरच्या अंडरपासमध्ये पाणी साचेल त्या दिवशी दुसरी गाडी काढा. ही फार खाली बसते.