हेल्मेट घट्ट हवं, टोचणारं नको

वाचकांचे प्रश्न, घोडेस्वारी प्रशिक्षिकेची उत्तरं

प्रश्न : ताई, मी ३८ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून घोडेस्वारी शिकते आहे. डोक्याचा घेर टेपने मोजला तर ५७ सेंटिमीटर भरला, म्हणून ५७ नंबरचंच हेल्मेट घेतलं. तरी पंधरा-वीस मिनिटांत कपाळाच्या मधोमध ठणका लागतो आणि काढल्यावर तिथे लाल वण दिसतो. मग मी मागची चकती फिरवून ते सैल करते. घोडा दुडक्या चालीत आला की ते भुवयांवर उतरतं. आमचे शिक्षक म्हणतात, सवय होईल. खरंच होईल का?

उत्तर : नाही होणार. सवय होईल ती सैल करण्याची, आणि मला तुमच्यासाठी तीच भीती वाटते. कपाळावर वण उठवणारं हेल्मेट तुमच्या डोक्याचं नाही.

तुमचा नंबर बरोबर आहे, चुकला आहे तो आकार. दोरीचा एक तुकडा घ्या. त्याचं गोल कडं करता येतं आणि लांबट अंडंही करता येतं. दोरीची लांबी तीच राहते. टेप फक्त ही लांबी सांगतो. काहींचं डोकं वरून पाहिलं तर जवळजवळ गोल असतं, काहींचं कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत लांबट, आणि बरेच जण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात. लांबट डोकं गोल हेल्मेटमध्ये गेलं की पुढे आणि मागे रुततं, कानांच्या वर मात्र बोट जाईल इतकी फट राहते. तुमची तक्रार अगदी हीच आहे. याच्या उलट, गोल डोकं लांबट हेल्मेटमध्ये घातलं तर कानशिलं आवळली जातात आणि कपाळापुढे जागा उरते. स्वतःचा आकार पाहायचा तर केस ओले करून चापून बसवा आणि कुणाला तरी बरोबर वरून फोटो काढायला सांगा. माझ्या शिष्यांकडून मी हे पहिल्याच आठवड्यात करून घेते. फोटो पाहून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, कारण आपलं डोकं वरून कुणी पाहिलेलंच नसतं.

चकतीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे फार फसगत होते. चकती फिरवली की आतला पट्टा आवळतो किंवा सुटतो. बाहेरचं कवच आणि त्याखालचं कडक फोमचं अस्तर होतं तसंच राहतं. मोठ्या कवचात पट्टा आवळून बसवलेलं डोकं आरशात छान दिसतं, पण एका बाजूने धक्का बसला की कवच डोक्याभोवती फिरतं. म्हणून नवं हेल्मेट बघताना चकती पूर्ण सैल करा, मगच डोक्यावर ठेवा. कवच आधी स्वतःहून सगळीकडून सारखं टेकलं पाहिजे. त्यानंतर एक-दोन खटके आवळायचे, बस्स.

डोक्यावर ठेवताना पुढून मागे सरकवा. पुढची कड भुवयांच्या वर एक-दोन बोटांवर, जमिनीला समांतर यायला हवी. टोपीसारखं मागे कललेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. आता हनुवटीचा पट्टा न लावताच मान खाली घाला आणि हलवा. ते जागचं हलायला नको. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून हळूच पुढे-मागे ढकला. कपाळाची कातडी आणि भुवया त्याच्याबरोबर सरकल्या तर ते बसलं. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय, तर नंबर कमी करा किंवा आकार बदला. शेवटी पट्टा लावा : कानाखाली पट्ट्यांचा व्ही जुळला पाहिजे, हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं आणि जांभई दिली की हेल्मेट किंचित खाली ओढलं गेल्याचं जाणवावं.

एवढं झालं की दुकानातून लगेच निघू नका. पंधरा-वीस मिनिटं ते डोक्यावर ठेवून बसा, बोला, खाली वाका, मान वळवून मागे बघा. हेल्मेटची जाणीव डोक्याभर सारखी पसरलेली असावी, जणू कुणी दोन्ही तळव्यांनी डोकं धरलं आहे. एकाच जागी बोट टोचल्यासारखं वाटलं तर नम्रपणे परत ठेवा. दहा हेल्मेटं घालून पाहावी लागली तरी पाहा. एकाच कंपनीची दोन मॉडेलंसुद्धा डोक्यावर वेगळी बसतात, त्यामुळे मैत्रिणीला आवडलेलं तुम्हाला आवडेल याची खात्री नाही.

मी या गोष्टीवर इतका जोर का देते ते सांगते. मी २४ वर्षांची होते. माझं हेल्मेट चांगलं होतं, आत चाचणीचा शिक्का होता, पण मला टोचायचं म्हणून मी ते सैल घालायची. जमिनीवर ठेवलेल्या दांड्यावर घोडा अडखळला आणि मी त्याच्या डाव्या खांद्यावरून पुढे गेले. जमीन लागायच्या आधीच हेल्मेट मानेवर सरकलं होतं. डाव्या भुवईच्या वर तीन टाके पडले, ते लवकर भरले. पण पुढे कित्येक दिवस मला चार ओळी सलग वाचता येत नव्हत्या आणि दिव्याकडे बघवत नव्हतं. मेंदूला बसलेला हादरा जखमेसारखा दिसत नाही. हेल्मेट नंतर पाहिलं तर त्याच्यावर ओरखडाही नव्हता. ते माझ्या कपाळावर असतं तर मार त्याला बसला असता.

आत काय घडतं ते कळलं की फिटिंगचा कंटाळा येत नाही. बाहेरचं कवच धक्का पसरवतं आणि टोकदार वस्तू आत घुसू देत नाही. खरं काम त्याच्या आतल्या कडक फोमचं असतं, म्हणजे बारीक मण्यांसारख्या दिसणाऱ्या विस्तारित पॉलिस्टायरिनचं. डोकं आदळलं की हे मणी चिरडतात आणि चिरडता चिरडता डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतात. तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका असतो, पण मेंदूवरचा ताण तेवढ्याने खूप उतरतो. सर्वात आतलं मऊ कापडी अस्तर घाम टिपतं आणि स्पर्श सुखाचा करतं. मार झेलणं त्याचं काम नाही. म्हणून मोठं हेल्मेट स्पंजचे जाड तुकडे भरून बसवू नका. कंपनीने सोबत दिलेल्या पातळ गाद्या तेवढ्या चालतात.

शिक्का नक्की पाहा. अमेरिकेचं मानक एएसटीएम एफ११६३, त्याच्या सोबत एसईआय या तपासणी संस्थेचं प्रमाणपत्र. ब्रिटनचं पीएएस ०१५, काइटमार्क या तिथल्या गुणवत्तेच्या चिन्हासह. युरोपचं व्हीजी१ किंवा २०१७ चं ईएन १३८४. यातलं एक तरी आतल्या लेबलवर छापलेलं असावं. नुसती मखमल आणि इलास्टिकची पट्टी असलेल्या जुन्या धाटणीच्या टोप्या दिसायला देखण्या असतात, पण त्या पोशाखाचा भाग आहेत. त्या घालून घोड्यावर बसू नका.

एमआयपीएसचं नाव तुम्ही ऐकलं असेल. स्वीडनमध्ये तयार झालेली ही रचना आहे. डोक्याशी एक सरकता पातळ थर असतो. तिरका मार बसला की हेल्मेट डोक्यावरून काही मिलिमीटर फिरतं आणि मेंदूला बसणारा पीळ कमी होतो. घोड्यावरून पडणारा माणूस क्वचितच सरळ खाली पडतो, वेग त्याला पुढे नेत असतो, म्हणून मला ही कल्पना पटते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची हेल्मेट प्रयोगशाळा असा फिरता मारही मोजते आणि २०२२ च्या अखेरीपासून घोडेस्वारीच्या हेल्मेटांना तारे देते. दोन हेल्मेटं सारखीच छान बसत असतील तर ती यादी बघून निवडा. यादीत वरचं असलेलं पण तुम्हाला न बसणारं हेल्मेट मात्र घेऊ नका.

एक शेवटची शंका, तुम्ही लिहिलेली नाही तरी विचारते : केस कसे बांधता? हेल्मेटखाली उंच अंबाडा किंवा पोनीटेल आली की हेल्मेट पुढे झुकतं आणि कपाळावर रुततं. केस मानेलगत, अगदी खाली बांधा. खरेदीच्या दिवशी तशीच केशरचना करून जा.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची आहे, भराभर वाढते आहे. दोन वर्षं टिकावं म्हणून एक नंबर मोठं घेतलं तर चालेल का? घरात तिचं सायकलचं हेल्मेट आहे. सुरुवातीला तेच वापरलं तर?

उत्तर : दोन्हीला नाही म्हणते, आणि तुमची काळजी समजून म्हणते.

मुलांचे बूट आपण मोठे घेतो आणि पुढे कापूस भरतो. हेल्मेटला ते लागू होत नाही. वर माझी गोष्ट वाचलीत. आज बसेल असंच घ्या आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा घेर मोजा. डोकं पायांइतक्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे हेल्मेट वाटतं त्यापेक्षा जास्त काळ पुरतं.

सायकलचं हेल्मेट वेगळ्या अपघाताचा विचार करून बनवतात. घोड्यावरून मूल बऱ्याच उंचीवरून पडतं, आणि खाली कुंपणाची कड असू शकते किंवा घोड्याचा खूरही. घोडेस्वारीच्या हेल्मेटची चाचणी नालेच्या कडेसारख्या धारदार ऐरणीवरही होते आणि मागच्या बाजूने ते डोकं जास्त खालपर्यंत झाकतं. मोटरसायकलचं हेल्मेटही नको. ते जड असतं, लहान मानेवर भार पडतो, कान झाकले जातात. शिकणाऱ्या मुलीला माझा आवाज ऐकू यायला हवा आणि घोड्याचा फुरफुराटही.

आणखी एक. हेल्मेट फक्त खोगिरावर चढताना घालायचं असतं असं तिला वाटू देऊ नका. घोड्याला खरारा करताना, त्याचे खूर साफ करताना तिचं डोकं त्याच्या पायांच्या उंचीवर असतं. पागेच्या दारातच हेल्मेट घाला आणि दाराबाहेर आल्यावर काढा. तिला निवडायला दोन-तीन रंग द्या. स्वतः निवडलेलं हेल्मेट मूल आनंदाने घालतं.

प्रश्न : वय ५६, तीस वर्षं घोड्यावर बसतो आहे. उड्या मारताना हेल्मेट घालतोच, शांत घोड्यावर मैदानात फिरवताना कधी घालतो, कधी नाही. गेल्या महिन्यात साध्या चालीत घसरून पडलो, डोकं टेकलं. मला काही झालं नाही, हेल्मेटवरही काही दिसत नाही. सात वर्षांपूर्वीचं आहे, पण अगदी बसलेलं आहे. टाकून द्यायचं का?

उत्तर : हो, टाका. चिरडलेले मणी पुन्हा फुगत नाहीत, आणि कवच अखंड असताना आतून अस्तर दबलेलं असू शकतं. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही. त्याच जागी दुसरा मार बसला तर झेलायला तिथे काही उरलेलं नसेल. तुम्ही पडला नसतात तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं असंच बहुतेक कंपन्या सांगतात. घाम, तेल, ऊन यांनी साहित्य थकतं. टाकताना त्याचा पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी उचलून वापरणार नाही. नवं आणलं की बंद गाडीत उन्हात ठेवू नका, रंगवू नका, थिनरने पुसू नका.

आता शांत घोड्याबद्दल. कोर्टनी किंग-डाय २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून ड्रेसाजला, म्हणजे घोड्याकडून नेमक्या, तालबद्ध चाली करून घेण्याच्या स्पर्धेला, उतरल्या होत्या. मार्च २०१० मध्ये फ्लोरिडात त्या एका घोड्याला नेहमीचा सराव देत होत्या. उडी नव्हती, शर्यत नव्हती. घोडा स्वतःच्याच पायात अडखळून पडला. कवटीला तडा गेला आणि त्या सुमारे चार आठवडे कोमात होत्या. त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. पुढे त्यांनी स्वतः हेल्मेटचा प्रचार केला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या शार्लोट डुजार्डिन हेल्मेट घालून ड्रेसाजचं सुवर्ण जिंकल्या, आणि २०२१ पासून आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमधून स्वारांची पारंपरिक उंच टोपी गेली, हेल्मेट सक्तीचं झालं.

तुमच्या घोड्याचा स्वभाव चांगला आहे यावर माझा विश्वास आहे. पण तोल सगळ्यांचाच जातो, त्याचाही. गेल्या महिन्यात साध्या चालीत पडलात तेव्हा हेल्मेट डोक्यावर होतं, हे मला फार बरं वाटलं. नवं मिळेपर्यंत घोड्यावर बसू नका. त्याला हाताने लगाम धरून फिरवा. आणि पडल्यानंतर डोकेदुखी, मळमळ, विसरायला होणं यातलं काहीही जाणवलं असेल, तर हेल्मेटच्या आधी डॉक्टरांकडे जा.